बोन्साय घरच्या घरी शिकायचंय, तर ऐकायचं कुणाचं?

प्रश्न बरा विचारलात. म्हणजे ठाण्यात फ्लॅट, पूर्वेची बाल्कनी, एक जेड (जाड पानांचं, पाणी साठवणारं रोप) आणि एक फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) आणून ठेवलाय, क्लासला जायला जमत नाही म्हणून पुस्तकं आणि यूट्यूबवरून स्वतःच शिकायचंय, पण एक जण म्हणतो कुंडी फेब्रुवारीत बदला, दुसरा म्हणतो पावसात, तिसरा म्हणतो केव्हाही बदला काही होत नाही, आणि शिवाय टूलकिट आत्ताच घेऊ का. टूलकिटचं शेवटी सांगते, आधी या तिघांचं बघू.

तिघंही खरं बोलत असतील हो. पहिला बहुतेक इंग्लंड-जपानचं पुस्तक वाचून बोलतोय, दुसरा मुंबई-कोकणातला असेल, तिसरा केरळात नाहीतर इंडोनेशियात राहत असेल. बोन्सायवर आता इतकं काही फुकट उपलब्ध आहे की मिळत नाही अशी तक्रार करायला जागाच नाही, घोळ होतो तो यामुळे की त्यातलं बहुतेक सगळं दुसऱ्या हवेत राहणाऱ्या आणि दुसरीच झाडं वाढवणाऱ्या माणसांनी केलेलं असतं आणि आपण ते जसंच्या तसं ठाण्याच्या बाल्कनीत करायला जातो. म्हणून व्हिडिओ लावला की आधी दोन गोष्टी बघा, बोलणारा राहतो कुठे आणि त्याच्यासमोर झाड कुठलं आहे. मग ठरवा यातलं किती घ्यायचं.

हाताचं काम कुठूनही शिका, ते सगळीकडे सारखंच. तार साधारण ४५ अंशात गुंडाळायची, तारेची जाडी फांदीच्या एक तृतीयांशच्या आसपास, एका तारेत शक्यतो दोन फांद्या बांधायच्या म्हणजे तार जागेवरून हलत नाही, फांदी खोडाच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला हवी, आतल्या खोबणीत नको, बुंध्याशी मुळं चारी बाजूंनी पसरलेली दिसली पाहिजेत (नेबारी नेबारी म्हणतात ती हीच), खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत गेलं पाहिजे. शेंडा खुडला की खालचे डोळे (म्हणजे नव्या फुटव्याचे कोंब) का फुटतात, हेही जगभर सारखंच. हे सगळं जपानातल्या ओसाकाच्या माणसाकडून शिका नाहीतर अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या, काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो कॅलेंडर, माती, पाणी आणि ऊन या चार बाबतीत. इथे परदेशी माणूस कितीही मोठा असला तरी त्याचं ऐकायचं ते फक्त कारण समजून घ्यायला, तारीख उतरवून घ्यायला नाही.

कुंडी बदलण्याचंच घ्या. थंड देशात फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये बदलतात कारण झाड थंडीच्या झोपेतून उठत असतं, डोळे फुगलेले असतात, पानं अजून यायची असतात. आता आपला वड, पिंपळ, नांद्रुक झोपतो कुठे असा? त्याला मुळं कापून घ्यायला उकाडा आणि दमट हवा लागते. ठाण्यात मार्चपासून जुलैपर्यंत बऱ्यापैकी चालून जातं, मला विचाराल तर पहिले एकदोन चांगले पाऊस झाले की करा. पुण्यात मात्र एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून एकतर फेब्रुवारीअखेर नाहीतर थेट जून, आणि नागपूरकराने मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत मुळांना हात लावू नये, एवढं साधं आहे. म्हणजे एका महाराष्ट्रातच तीन उत्तरं झाली, मग यूट्यूबवर तीन निघाली तर नवल काय.

पानं काढण्याचंही तेच. फायकसची सगळी पानं काढली की महिन्याभरात नवीन लहान पानं येतात आणि फांद्यांना फाटे फुटतात, इंग्रजी व्हिडिओत हे जून-जुलैमध्ये करतात कारण तिकडे तेव्हा दिवस मोठा आणि ऊन कडक. आपल्याकडे जुलैत आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या अंधारात आलेली पानं उलट मोठी, लुसलुशीत आणि दोन पानांतलं अंतर बोटभर. म्हणून मुंबई-ठाण्याकडे हे काम मार्च-एप्रिलमध्ये, झाड तब्येतीने ठणठणीत असेल तरच, आणि त्याच वर्षी मुळं कापणार असाल तर दोन्ही एकदम नको.

तारेबद्दल एक, परदेशी पुस्तकं जुनिपर आणि पाइन ही थंड हवेतली, सावकाश वाढणारी सूचिपर्णी झाडं डोळ्यासमोर ठेवून तार कित्येक महिने ठेवायला सांगतात. पावसाळ्यातल्या फायकसवर तेवढा वेळ ठेवलीत तर खोडावर स्क्रूच्या आट्यांसारखे वळ उठतील. आठवड्याला बघायचं, तार सालीत रुतायला लागलेली दिसली की कटरने तुकडे करून काढायची, उलटी उलगडत बसू नका, फांदी मोडते.

आणि सगळ्यात जास्त झाडं मारणारी गोष्ट म्हणजे 'इनडोअर बोन्साय'. बर्फ पडणाऱ्या देशात फायकस, जेड, कामिनी यांना घरात ठेवतात कारण बाहेर ठेवलं तर ती थंडीने मरतील. घर त्यांना मानवतं असं अजिबात नाही, तिथे लोक खास दिवे लावून ती जगवतात. आपल्याकडे फायकसच्या कुळातली झाडं गच्चीत, कंपाउंडच्या भिंतीवर, गटाराच्या कडेला आपोआप उगवतात आणि आपण पुस्तकात वाचून त्यांना टीव्हीशेजारी ठेवतो! तुमची पूर्वेची बाल्कनी, सकाळचं तीन-चार तास ऊन, जेड आणि फायकसला छान पुरेल. बोगनवेल मात्र त्या उन्हात नुसती पानं काढत बसेल, तिला गच्ची हवी.

माती. इथे थोडं जास्त लिहिते कारण व्हिडिओ बघून लोक हजारो रुपये यावरच घालवतात. अकादामा, प्युमिस, लाव्हा रॉक (शेवटचे दोन म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी दगड) हे तुम्ही ऐकलंच असेल. अकादामा ही जपानची भाजल्यासारखी दाणेदार माती, तिकडे ती स्थानिक म्हणून वापरतात, इथे येईपर्यंत सोन्याच्या भावाने. त्यात जादू काही नाही, दाणा हवा एवढंच त्यामागचं सूत्र आहे. उथळ कुंडीत पाणी तळाशी तुंबतं, हे समजायला घरातला स्पंज घ्या, पूर्ण भिजवून आडवा हातावर धरा, गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा, लगेच खालून पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. बोन्सायची कुंडी म्हणजे कायम आडवा ठेवलेला स्पंज, म्हणून त्यात बारीक माती घातली की मुळं कुजतात आणि म्हणून दाणे मोठे हवेत, साधारण ३ ते ६ मिलिमीटर.

तेवढे दाणे आपल्याकडे पक्क्या भाजलेल्या विटेच्या तुकड्यांतून मिळतात. चांगली खणखणीत वीट फोडा, दोन चाळण्यांतून काढा, पूड फेकून द्या (फेकूनच द्या, वाया जाते म्हणून परत मिसळू नका), उरलेले तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी त्याचा चिखल झाला असेल तर वीट कच्ची होती. त्यात थोडी जाड वाळू आणि थोडं चाळलेलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. नुसतं कोकोपीट जुलैमध्ये दलदल करतं. घाटावरची काळी माती तर उथळ कुंडीत नकोच, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडून मुळं तोडते. प्रमाण मी मुद्दाम देत नाहीये, कारण तुमच्या बाल्कनीत वारा किती आणि तुम्ही घरी किती वेळ असता यावर ते बदलतं. दिवसातून दोनदा पाणी घालू शकत असाल तर विटा जास्त, सकाळी जाऊन रात्री येत असाल तर खत-माती जरा जास्त.

आता शोधायचं कसं. झाडाचं शास्त्रीय नाव टाकून शोधा, हे फार कामाचं आहे. आपल्या नर्सरीत जेड म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं, बारीक गोल पानं आणि लालसर काडी. इंग्रजीत नुसतं जेड शोधलंत तर क्रासुला ओव्हाटा येईल, मोठ्या जाड पानांची ती. दोन्ही पाणी साठवणारी, दोघींना कापल्यावर जखम सुकू द्यायची आणि कुंडी बदलल्यावर साधारण आठवडाभर पाणी द्यायचं नाही, इथपर्यंत साम्य, पण बोन्साय म्हणून पोर्टुलाकारिया कितीतरी चांगली, फाटे पटापट देते. फायकसचं तर विचारूच नका, फायकस हे शेकडो झाडांचं आडनाव आहे. तुमच्याकडे पोट सुटल्यासारखं खोड असेल तर तो मायक्रोकार्पा, ज्याला जिनसेंग फायकस म्हणून विकतात. लोंबणाऱ्या फांद्या आणि टोकदार चकचकीत पानं असतील तर बेंजामिना. बेंजामिनाची फांदी कापताना मागे हिरवं पान शिल्लक ठेवलं नाही तर ती फांदी बरेचदा वाळते, मायक्रोकार्पा बिनधास्त उघड्या लाकडातून फुटतो. हा फरक माहीत नसताना 'फायकस प्रूनिंग'चा कुठलाही व्हिडिओ बघून कात्री चालवली की मग लोक म्हणतात माझा हात वाईट आहे.

चॅनेलचं म्हणाल तर तुमच्यासाठी पहिलं नाव मी कॅनडाच्या नायजेल सॉन्डर्सचं घेईन, 'द बोन्साय झोन'. ग्लॅमर शून्य, व्हिडिओ संथ, पण तो एकच झाड वर्षानुवर्षं परत परत दाखवतो, त्याच्याकडे फायकस आणि जेडवर्गातली झाडं भरपूर आहेत आणि तो बरंचसं काम तार न लावता नुसतं वाढू देऊन आणि कापून करतो. ही पद्धत मूळची दक्षिण चीनची, ग्वांगडोंगकडच्या लिंगनान परंपरेतली, आणि उष्ण हवेतल्या भराभर वाढणाऱ्या झाडांना ती अगदी फिट बसते कारण आपल्याकडे फांदी परत यायला काही वेळ लागत नाही. फक्त त्याची झाडं थंडीत आत जातात तो भाग सोडून द्या.

इंग्लंडमधल्या सरेच्या हेरॉन्स बोन्साय नर्सरीचे पीटर चॅन बघा ते भीती जायला. मोठं झाड करवतीने अर्ध्यावर कापताना हा माणूस हसत असतो, ते बघून तुम्हालाही धीर येतो. ब्योर्न ब्योर्होम ओसाकात गुरुकडे राहून शिकला, त्याचं वायरिंग बघण्यासारखं आहे. ओरेगॉनच्या बोन्साय मिराईचा रायन नील जपानात बोन्सायगुरू मासाहिको किमुरा यांच्याकडे सहा वर्षं होता, झाडाच्या शरीरात पाणी आणि साखर कशी फिरते हे त्याच्याइतकं खोलात जाऊन सांगणारे कमी, पण तो ज्या जुनिपर-पाइनवर बोलतो ती रॉकी पर्वतातून आलेली शेकडो वर्षांची झाडं, ते बघून नर्सरीतल्या दीडशे रुपयांच्या फायकसवर प्रयोग करायला जाऊ नका. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ऐका, तेव्हा जास्त कळेल.

आणि भाषा कळत नसली तरी इंडोनेशिया, व्हिएतनाम, तैवानचे व्हिडिओ जरूर बघा. हवा आपल्यासारखी, झाडं बरीचशी आपलीच. तैवानचे मिन श्वान लो फायकसमधले फार मोठे कारागीर, त्यांची झाडं नुसती बघत बसा, पारंब्या खोडाला चिकटवून बुंधा कसा रुंद करतात ते आवाज बंद करूनही समजतं.

पुस्तकांत एकच घ्यायचं असेल तर फायकसवाल्यांनी जेरी माइस्लिक यांचं 'फायकस: द एक्झॉटिक बोन्साय' शोधावं, लेखक अमेरिकेतल्या बर्फाळ मोंटानाचे आणि पुस्तक फायकसवर, गंमतच आहे, पण जातीनिहाय माहिती चोख. मायकेल हेगेडॉर्नचं 'बोन्साय हेरसी' हे बोन्सायमधल्या गैरसमजांवरचं, थोडं शिकून झाल्यावर वाचा, तेव्हा मजा येते. अमेरिकेतले बोन्सायगुरू जॉन नाका यांचं 'बोन्साय टेक्निक्स' १९७३ चं, अजूनही त्यातली रेखाटनं बघून फांद्यांची रचना समजते, पण मिळायला कठीण आणि मिळालं तर महाग, तेव्हा त्याच्यासाठी अडून बसू नका. नाकांचं 'गोशिन' हे अकरा जुनिपरांचं जंगल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे, त्याचे फोटो कुठेही मिळतील, त्यातलं कुठलं झाड पुढे आहे, कुठलं मागे, कुठलं उंच हे कागदावर काढून बघा, फुकटचा धडा आहे. त्याच संग्रहालयात १६२५ पासून वाढवलेला, हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेला पाइनही आहे.

आपल्याकडचं बोलायचं तर मुंबईच्या ज्योती आणि निकुंज पारेख यांनी इथल्या झाडांवर आयुष्यभर काम केलंय, त्यांचं लिखाण हाताला लागलं तर सोडू नका. मुंबईत इंडो-जपानी असोसिएशनचा बोन्साय स्टडी ग्रुप आहे, पुण्यात २०१८ मध्ये 'बोन्साय नमस्ते' हे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झालं होतं. क्लासला वेळ नाही म्हणालात, ठीक, पण प्रदर्शनाला वर्षातून एकदा तरी जा. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तुम्हाला जवळ म्हणजे राणीच्या बागेतलं पालिकेचं, जाहिरात येते तेव्हा तारीख बघून ठेवा. तिथे गेलात की सेल्फी काढून निघू नका. गुडघ्यावर बसा, झाड डोळ्याच्या पातळीवर आणा, मातीचा वरचा थर काय आहे बघा, कापल्याच्या जुन्या खुणा कुठे लपवल्यात बघा, जमलं तर मागची बाजूही बघा, कारण खोटेपणा सगळा मागे असतो. आणि टेबलामागे जे काका-काकू कंटाळून बसलेले असतात ना, त्यांना विचारा, काकू कुंडी कधी बदलता, माती काय वापरता, मे महिन्यात कुठे ठेवता. ती माणसं तुमच्याच हवेत तेच झाड वर्षानुवर्षं जगवून बसलेली असतात आणि कुणी विचारलं की अर्धा तास बोलतात. त्यांच्याइतका उपयोगी रिसोर्स मला तरी अजून नेटवर सापडलेला नाही.

खरी झाडंही बघायची. वडाचं बोन्साय करणाऱ्याने आधी हायवेकडेच्या जुन्या वडाखाली उभं राहावं, त्याच्या फांद्या आडव्या किती लांब जातात, पारंब्या जमिनीला टेकल्यावर त्यांची खोडं कशी होतात ते बघावं. जपानी पुस्तकातला शंकूसारखा पाइन डोक्यात ठेवून वडाला त्या आकारात बसवलेली झाडं प्रदर्शनात पैशाला पासरी दिसतात आणि ती ना वड वाटतात ना पाइन. महाबळेश्वरला गेलात तर कड्याच्या टोकाजवळ अंजनी आणि जांभूळ वाऱ्याने कसे बुटके, पिळवटलेले झालेत ते बघा, फोटो काढा. उपटून मात्र आणू नका, वनखात्याची हद्द आहे आणि तसंही ते झाड ठाण्यात टिकणार नाही.

उपटायची हौस असेल तर तुमच्याच सोसायटीत बघा. गच्चीच्या कोपऱ्यात, पाइपाच्या मागे, भिंतीच्या भेगेत पिंपळ नाहीतर वड आलेला असतोच, कमिटी तो काढायला माणूस शोधत असते. भिंतीतल्या अरुंद जागेत मुळं आपोआप चपटी होतात, वर्षानुवर्षं छाटून छाटून खोड जाड आणि वेडंवाकडं झालेलं असतं, असं मटेरियल नर्सरीत पैसे देऊन मिळत नाही. पावसाळ्यात काढा, थोडी जरी मुळं आली तरी चालतं, फांद्या जोरात कापा, पसरट पण खोल कुंडीत लावा, सावलीत ठेवा, आणि मग पुढचा सीझनभर हात लावू नका.

ऑनलाइन काय टाळायचं तेही सांगते. 'बोन्सायच्या बिया' विकणारे, बोन्सायची वेगळी बी नसते, कुठल्याही झाडाची साधी बी असते ती आणि निळ्या मेपलची तर कुठेच नसते. मुंबई-ठाण्यात मेपल आणि जपानी पाइनच्या नादाला लागूच नका, त्यांना थंडीची झोप लागते आणि ती आपण देऊ शकत नाही. दहा मिनिटांत झाड पूर्ण बदलून दाखवणारे व्हिडिओ बघायचे तर करमणूक म्हणून बघा, त्याच झाडाचा वर्षानंतरचा व्हिडिओ त्या चॅनेलवर सापडत नसेल तर झाडाचं काय झालं असेल ते समजून घ्या. आणि हल्ली कॉम्प्युटरने बनवलेले फोटो फार फिरतात, जांभळ्या फुलांनी लगडलेलं झाड इवल्याशा कुंडीत, मुळं हवेत, असलं काही डोळ्यासमोर ठेवून स्वतःच्या झाडावर नाराज होऊ नका.

आता टूलकिट. नको. घरातली धारदार कात्री, एक नर्सरीतला सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), १ ते ३ मिलिमीटरची अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची तार, तार कापायला साधी पक्कड, मुळं सोडवायला जुना काटा चमचा किंवा चॉपस्टिक, एवढ्यावर पहिली दोन वर्षं आरामात जातात. ऑनलाइन मिळणारे ते पाऊचमधले स्वस्त दहा-दहा हत्यारांचे सेट घेऊ नका, धार टिकत नाही आणि त्यातली निम्मी कधी वापरलीच जात नाहीत. पुढे जाऊन एकच घ्यायचं झालं तर कॉनकेव्ह कटर घ्या, बऱ्यापैकी चांगला, त्याने फांदी खोडालगत किंचित खोलगट कापली जाते आणि जखम भरली की गाठ राहत नाही. फायकस कापल्यावर चीक गळेल, ओल्या कापडाने पुसून टाका, आणि हत्यारं त्याच दिवशी स्पिरिटने पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा, दमट हवेत ठाण्यात रात्रीत गंज धरतो.